पेठेची पंधरा मिनिटं

“तू ह्यांना कोंडून मारलंस, वैजे,” आई म्हणाली. “चहा टाकू का आधी, की अंघोळ करतेस?”

मी अजून खांद्यावरची पिशवीसुद्धा खाली ठेवली नव्हती. पुण्याहून सकाळच्या एस.टी.नं निघून दहाला घरी पोचले होते, आणि आई ओट्याशी पाठमोरी उभी राहून हे असं बोलत होती.

“कुणाला?” मी उगाच विचारलं.

“कुणाला म्हणजे? तुझ्या बापाला. दुसऱ्याच पानावर ओळखलं मी.” तिनं ज्वारीच्या पिठाच्या डब्यामागे हात घालून दिवाळी अंक काढला आणि माझ्यापुढे आपटला. त्याला पीठ लागलं होतं.

“अगं, ती दोनशे वर्षांनंतरची गोष्ट आहे.”

“असेल. पण दोनशे वर्षांनीसुद्धा चावीच्या मुठीला लाल चौकड्यांचा रुमाल बांधणारा तुझा बापच असणार. दुसरं कोण बांधतंय?”

मी म्हटलं, “टाक चहा.”

ह्याला आता बावीस वर्षं झाली. तेव्हा मी एकोणतीस वर्षांची होते, पुण्यात नोकरी करत होते, आणि स्वतःला फार हुशार समजत होते. एका दिवाळी अंकाच्या कथास्पर्धेत माझ्या ‘चावी’ ह्या कथेला पहिलं बक्षीस मिळालं होतं. बातमी करंजपुरात पोचली आणि आमच्या वाचनालयाचे कार्यवाह देशमाने सर, ज्यांनी मला आठवीत वर्गाबाहेर उभं केलं होतं, त्यांनी जाहीर केलं की गावच्या लेकीचा सत्कार करायचा आणि कथा तिच्याच तोंडून ऐकायची. रविवार, संध्याकाळी पाच.

अण्णा नगरपालिकेत पाणी सोडायचं काम करत. अठ्ठावीस वर्षं केलं. करंजपूरला एक दिवसाआड पाणी यायचं. गावाचे पाच भाग: पेठ, कुंभारवाडा, स्टेशनची वस्ती, शाळेमागची आळी, आणि सगळ्यात शेवटी, सगळ्यात उंचावर, टेकडी. प्रत्येक भागाची जमिनीखाली एक चावी, म्हणजे पाण्याचा व्हॉल्व्ह. अण्णा मुठीला रुमाल बांधलेला, छातीइतका उंच लोखंडी दांडा (त्यालाही चावीच म्हणत) खांद्यावर घेऊन सायकलवरून निघत, एकेका खड्ड्याशी थांबत, दांडा आत घालत आणि तोंडानं आटे मोजत फिरवत. ते दिसले की बायका घागरी बाहेर काढत आणि पुरुष घड्याळाकडे बघत. प्रत्येक भागाला पाऊण तास. मिनिटभर उशीर झाला तर शिव्या, मिनिटभर आधी गेलं तरी शिव्या. गावात कलेक्टरला कुणी ओळखत नसे, पण घोलप चावीवाल्याला शेंबडं पोर ओळखायचं.

आणि पेठेला मात्र पाऊण तास नाही, एक तास. पंधरा मिनिटं जास्त. रोज नाही, दर वेळी. वर्षानुवर्षं. सगळ्या गावाला ते माहीत होतं आणि सगळं गाव एकच प्रश्न विचारत होतं: घोलप पेठेकडून काय खातो?

मला हा प्रश्न शाळेत विचारला जायचा. शाळेमागच्या आळीतल्या पोरी पाण्याच्या टाकीशी मला म्हणायच्या, “तू कशाला रांगेत? तुझा बाप विकत देतो की.” मी घरी येऊन रडायचे, आणि का रडतेय ते सांगायचे नाही. कारण मला उत्तर माहीत होतं असं मला वाटत होतं. दर दिवाळीला पेठेतल्या किराणा दुकानाच्या मालकीणबाई, पोफळेकाकू, ह्यांच्याकडून आमच्याकडे फराळाचा डबा यायचा. साधासुधा नाही, पाच किलो धान्य मावेल असा स्टीलचा. वर कापड बांधलेलं. गडी दारात ठेवून म्हणायचा, “चावीवाल्यांना दिलाय.” अकराव्या वर्षापासून मी त्या डब्यातली चकली तोंडात घातली नाही. आई म्हणायची, पोरीचं दिवाळीत पोट बिघडतं.

हे सगळं मी ‘चावी’त घातलं. मोठी शक्कल लढवली होती. पाण्याची हवा केली, गावाचं भुयार केलं, दोनशे वर्षं पुढे नेलं. वर जमिनीवर श्वास घेता येत नाही म्हणून माणसं खाली पाच मजल्यांच्या शहरात राहतात. एकच माणूस, वायुपाल त्याचं नाव, मजल्यामजल्याला मोजून हवा सोडतो. पहिल्या मजल्यावरून त्याला दर वर्षी एक बंद डबा जातो, म्हणून पहिल्या मजल्याला हवा जास्त. पाचव्या मजल्यावरची मुलं निळी पडतात. शेवटी लोक उठतात, चावी हिसकावतात, वायुपालाला त्याच्याच खोलीत कोंडतात आणि पाचही चाव्या एकदम उघडतात. हवा येते. सगळीकडे येते. पाचव्या मजल्यावरचं एक पोर पहिल्यांदा मोठ्यानं हसतं. संपली कथा. परीक्षकांनी ह्या शेवटाची खास तारीफ केली होती.

आणि आईनं ओळखलं होतं दुसऱ्या पानावर.

“अण्णांनी वाचली?” मी चहा घेताना विचारलं.

“मी लपवलाय ना अंक. रोज विचारतात, कुठंय? मी सांगते, शेजारी नेलाय.” ती समोर बसली. “अगं, त्यांनी सगळ्यांना आमंत्रणं दिलीत. टेकडीवर स्वतः चढून गेले. त्यांच्याबरोबरचे पाण्याच्या पंपावरचे चौघे येणारेत. पेठेत दुकानादुकानात सांगून आले. सकाळपासून वाचनालयात सतरंज्या घालतायत. आणि तू सगळ्यांसमोर वाचणार की ह्यांनी हवा विकली.”

“मी ती वाचत नाही. दुसरी वाचते.”

“कुठली?”

“मांजराची आहे एक.”

“वाच बाई मांजराची,” आई म्हणाली. “डब्याचं लिहायला नको होतंस.”

“खोटं आहे का ते?”

“अर्धं खरं आहे,” ती म्हणाली, आणि दूध उतू चाललं होतं म्हणून उठली.

मी तेव्हा पुढचं अर्धं विचारायला हवं होतं. विचारलं नाही. भीती वाटली मला, दुसरं काही नाही. अठरा वर्षं ज्याला चोर समजले त्याच्याबद्दल आता कुणी काही पक्कं सांगावं, असं मला वाटत नव्हतं. चोर म्हणूनच तो मला सवयीचा झाला होता. आणि माझी कथा त्यावर उभी होती, बक्षिसासकट.

अण्णा बाराला आले. घामानं शर्ट पाठीला चिकटला होता.

“आलीस? गाडीला गर्दी होती?”

“बसायला मिळालं.”

“बरं झालं.” हातपाय धुऊन ते पाटावर बसले. आईनं वाढलं. वांग्याची भाजी, भाकरी, ताक. दोन घास झाल्यावर ते म्हणाले, “तीनदा वाचली.”

माझ्या हातातला घास हातातच राहिला. आईनं माझ्याकडे बघितलं आणि पटकन परत चुलीकडे तोंड केलं.

“देशमाने सरांकडं दुसरा अंक होता. तिथंच बाकावर बसून वाचली. जोडाक्षरं फार घालतेस तू.”

“अण्णा, ती कथा आहे. त्यातला माणूस…”

“त्यातला माणूस मीच आहे, ते सोड. ताक घे.” त्यांनी वाटी पुढे सरकवली. “शेवट चुकलाय.”

मला वाटलं, आता आलं. कोंडून मारल्याचं आलं. मी म्हटलं, “मी ती वाचत नाही संध्याकाळी. मांजराची वाचते.”

“मांजर ऐकायला टेकडीवरून माणसं उतरणारेत होय? त्या सोनाबाईचे गुडघे गेलेत, तरी येते म्हणाली. जी छापलीय ती वाच.”

“पण शेवट चुकलाय म्हणता ना?”

“चुकलाच आहे. तरी वाच.”

“काय चुकलंय?”

ते चौथी भाकरी संपवत होते, तेवढ्यात बाहेरून कुणी तरी हाक मारली. माईक आला होता आणि तो कुठं लावायचा हे म्हणे अण्णांशिवाय कुणाला ठरवता येत नव्हतं. ते हात धुऊन, तोंड पुसत निघून गेले.

“रागावलेत का गं?” मी आईला विचारलं.

“रागावलेत तर भाकऱ्या चार कशा खाल्ल्या?” आई म्हणाली. पण तिच्या कपाळाला आठी होती. दुपारभर मी अंगावर पांघरूण घेऊन पडून राहिले आणि मांजराची कथा मनातल्या मनात म्हणून बघितली. मला ती आवडेना.

पाच वाजता वाचनालयात पाय ठेवायला जागा नव्हती. करंजपुरात कार्यक्रम म्हणजे गणपतीतला नाहीतर पुढाऱ्याचा, लेकीचा पहिलाच. पहिल्या रांगेत मध्यभागी अण्णा, धुतलेला शर्ट, गुडघ्यावर दोन्ही हात. शेजारी आई. त्यांच्या मागे पंपावरचे चौघे. दुसऱ्या रांगेत खुर्चीवर पोफळेकाकू, डोळ्यांवर सोनेरी काड्यांचा चष्मा. टेकडीवरची मंडळी दाराजवळ सतरंजीवर बसली होती, सोनाबाई भिंतीला पाठ लावून, पाय लांब करून.

देशमाने सरांनी माझी ओळख करून दिली. त्यात त्यांनी स्वतःबद्दलच बरंच सांगितलं. शाल झाली, नारळ झाला. मी माईकसमोर उभी राहिले. पिशवीत दोन्ही कथा होत्या. मांजराचे कागद हातात घेतले आणि अण्णांकडे बघितलं. त्यांनी मान हलवली. नाही.

मी अंक काढला.

सुरुवातीला बरं चाललं. वायुपाल कमरेशी चावी लावून मजल्यामजल्यावरून जातो, तोंडानं आटे मोजतो, हे वाचलं तेव्हा मागून कुणी तरी खुदकन हसलं. मुठीच्या रुमालापाशी तर उघडच हसू आलं आणि पंपावरच्या एकानं अण्णांच्या पाठीवर थाप मारली. अण्णा खूश दिसत होते. मला घाम फुटला होता. तिसऱ्या पानाचा खालचा परिच्छेद जवळ येत होता.

मी तो गाळायचं ठरवलं. पान उलटलं आणि थेट चौथ्या पानावरून सुरुवात केली. “पाचव्या मजल्यावरची मुलं…”

“एक गाळलंस,” अण्णा म्हणाले.

सगळी सभा त्यांच्याकडे वळली. देशमाने सर म्हणाले, “घोलप, वाचू द्या तिला.”

“वाचू द्या असंच म्हणतोय मी. गाळू नको, वैजे. तिसऱ्या पानावरचा शेवटचा.” आणि मग, माझ्याकडे बघत, त्यांनी तो तोंडपाठ म्हणायला सुरुवात केली. “पहिल्या मजल्यावरून वायुपालाला दर वर्षी एक डबा येई. बंद. वर कापड बांधलेलं. डब्यात काय असतं हे कुणी विचारलं नाही, कारण सगळ्यांना…” ते थांबले. “पुढचं तू वाच. जोडाक्षर आहे.”

मी वाचला. कसा वाचला मला माहीत नाही. ‘पंधरा मिनिटं’ हे शब्द आले तेव्हा माझा आवाज इतका खाली गेला की माईकनं तो उचललाच नसेल, पण ऐकायचं त्यांनी ऐकलं. कुणी हसलं नाही. पोफळेकाकूंनी चष्मा काढला. दाराजवळच्या बायका अण्णांच्या पाठीकडे बघत होत्या. इतकी वर्षं जे पाठीमागे बोललं गेलं, ते मी शाल पांघरून, माईकमधून, पुढून बोलले होते. जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं असं मला झालं.

अण्णा उठले. माईककडे आले नाहीत, जागेवरच वळून उभे राहिले.

“हे खरंय,” ते म्हणाले. “पेठेला पंधरा मिनिटं जास्त जात होती. एकोणीस वर्षं जात होती. आता मी रिटायर झालो, नवी लाइन पडली, जुनी चावी भंगारात गेली. म्हणून आता सांगायला हरकत नाही. पेठेची चावी खराब होती.”

“खराब म्हणजे?” देशमाने सर.

“आटे झिजले होते, सर. बाकीच्या चार चाव्या चाळीस-बेचाळीस फेऱ्यांत बंद व्हायच्या. ही दोन फेऱ्या आत गेली की एक सटकायची. हळूहळू समजूत घालत बसवावी लागायची. पाव तास. तोवर पाणी चालूच. आणि एवढं करून पुरती बसायचीच नाही. बोटभर धार आत कायम. मी चार अर्ज केले. साहेब म्हणाले, नवी लाइन येईल तेव्हा बदलू.”

“मग हे सांगायचं नाही का लोकांना?” पोफळेकाकूंचा आवाज चढला होता. “आमच्या पेठेच्या नावानं बोटं मोडली सगळ्यांनी!”

“माझ्या नावानं जास्त मोडली, वहिनी.” अण्णा हसले. “कसं सांगणार? पेठेत तेव्हा पाणी ओढायच्या एकवीस मोटारी होत्या. मी मोजल्या होत्या. लाइनीत कायम बोटभर पाणी असतं असं कळलं असतं, तर चोवीस तास ओढलं असतं. टाकी भरलीच नसती. मग ह्यांना काय?” त्यांनी दाराकडे हात केला.

“आम्ही काय चोर आहोत?”

“चोर कशाला? तहानलेलं माणूस मोटार लावतंच. मीसुद्धा लावली असती.”

मला इतका राग आला, इतका राग आला, की माईक सुरू आहे हे विसरून मी म्हणाले, “मला तरी सांगायचं! शाळेत काय काय ऐकलं मी!”

ते सगळ्या हॉलभर घुमलं.

“तुला?” अण्णा वळले. “तुझ्या तोंडात तीळ भिजत नव्हता. आणि शाळा पेठेत.”

सभा फुटलीच. पंपावरचे चौघे तर एकमेकांच्या अंगावर पडले. देशमाने सरांनी मोठ्यानं “अगदी खरंय” म्हटलं, आणि मला रडू येत होतं तरी मीही हसले. काय करणार? माझ्यातून रडणं आणि हसणं एकाच वेळी बाहेर पडत होतं, आणि नाक पुसायला शालीशिवाय काही नव्हतं.

पोफळेकाकू मात्र हसल्या नव्हत्या. त्या खुर्चीतून अर्ध्या उठल्या. “म्हणजे घोलप, मी एकोणीस वर्षं तो डबा पाठवत होते, तो कशाबद्दल?”

“मला वाटलं, दिवाळीबद्दल.”

“मी पंधरा मिनिटांबद्दल पाठवत होते!”

“ते मला पहिल्याच वर्षी कळलं. मी परत पाठवला होता, आठवतंय? तुम्ही गड्याबरोबर निरोप दिलात, चकली कडक झाली असेल तर तसं तोंडावर सांगा, फराळ परत पाठवायची कुठली रीत? मग काय करतो!”

“आणि रिकामा नाही आला तुमचा डबा कधी,” आता आई उठली. आमची आई, जी सभेत कधी डोक्यावरचा पदरसुद्धा सरळ करत नाही. “एका वर्षीही नाही. माझे बेसनाचे लाडू भरून आलाय. आम्ही कुणाचं खाल्लेलं ठेवत नाही.” हे तिनं काकूंना सांगितलं, पण बघत माझ्याकडे होती.

“लाडू छान असायचे,” काकू हळूच म्हणाल्या आणि बसल्या. मग त्यांनाही हसू आलं. “मला वाटायचं, हा माणूस लाच घेतो तीही लाडवाच्या बदल्यात. कसला मेला व्यवहार!”

अर्धं खरं म्हणजे हे होतं. डबा येताना मी बघितला होता, जाताना नाही. तो जायचा तेव्हा मी शाळेत असायचे, नाहीतर तोंड फुगवून मागच्या खोलीत. त्या एका येणाऱ्या डब्यावर मी एक अख्खं भुयारी शहर बांधलं होतं आणि परीक्षकांनी त्याला निरीक्षणशक्ती म्हटलं होतं.

अण्णा खाली बसले. “आता पुढचं वाच,” ते म्हणाले. “अजून चाव्या उघडायच्या राहिल्यात.”

मी वाचायला लागले. निळी मुलं वाचली. लोक उठतात ते वाचलं. वायुपालाला कोंडतात ते वाचताना अण्णा मान डोलवत होते, भजन ऐकावं तसे. मग लोक पाचही चाव्या एकदम उघडतात, हवा घोंगावत सुटते, आणि सगळ्यात खालच्या, सगळ्यात लांबच्या पाचव्या मजल्यावर…

“खोटं!” दाराजवळून आवाज आला.

सोनाबाई. पाय लांब केलेलेच होते, पण पाठ भिंतीपासून सुटली होती. “खोटं हाय ते, पोरी. आमच्याकडं न्हाई यायचं.”

“आजी, ती हवा आहे,” देशमाने सर म्हणाले.

“कायबी असू द्या. पाची एकदम उघडल्यावर शेवटच्याला काय येतंय?”

पंपावरचे चौघेही माना हलवत होते. आणि मला दुपारचं वांगं आणि ताक आठवलं. शेवट चुकलाय. अण्णांना कोंडल्याचं काहीच वाटलं नव्हतं. त्यांचं म्हणणं होतं की चावीवाल्याच्या पोरीला दाब कळत नाही. शाळेत असताना शंभरदा त्यांच्या सायकलवर मागे बसून फिरले होते मी, पाचही खड्डे बघितले होते, एक बंद केल्याशिवाय दुसरी उघडत नाहीत हे डोळ्यांनी बघितलं होतं. आणि क्रांती करायची वेळ आली तेव्हा सगळ्या चाव्या एकदम उघडून बसले.

मी अंक खाली केला. “अण्णा,” मी म्हटलं, “इथून पुढे माझं चुकलंय. तुम्ही सांगा. पाचही उघडल्या तर काय होईल?”

“आता कशाला? छापून आलंय.”

“सांगा हो, घोलप,” पोफळेकाकू म्हणाल्या.

अण्णा पुन्हा उठले. ह्या वेळी ते माईकपर्यंत आले, पण माईककडे पाठ करून माझ्याशीच बोलले. “हवा काय नि पाणी काय, दाब तो दाबच. पाची उघडल्या की पहिला मजला पोटभर घेणार. दुसऱ्याला बरं येईल. तिसऱ्याला फुसफुस. चौथ्याला नुसता आवाज. पाचव्याला काहीच नाही. आधी मोजून थोडं तरी मिळत होतं, तेही जाणार.”

“मग?”

“मग तीन-चार दिवसांनी पाचव्या मजल्यावरची माणसं चावी घेऊन त्याच्याच दाराशी येतील. कुलूप काढतील.”

“आणि तो येईल बाहेर?”

“येईल की. त्याला दुसरं काम कुठं येतंय?”

लोक हसले. सोनाबाई म्हणाली, “आसं. आता बरोबर.” मला वाटलं, झाला शेवट. सुंदर शेवट, अण्णांच्या बाजूचा. मी त्यांना नमस्कार करायला वाकणार होते.

पण ते तिथंच उभे होते. गावाकडे बघत होते, एकेका रांगेकडे, जशी एकेक आळी बघावी.

“बाहेर येईल,” ते म्हणाले, “पण चावी घेणार नाही एकट्यानं. म्हणेल, प्रत्येक मजल्यावरचा एक माणूस बरोबर द्या. माझ्या शेजारी उभं राहून आटे मोजा. कुठली चावी खराब आहे ते सगळ्यांना दाखवतो, मग काय व्हायचं ते होऊ दे.” त्यांचा आवाज बसला होता. “मी बरोबर होतो. पण मी बरोबर आहे हे कळायला तुमच्याकडं काही मार्गच नव्हता. मी ठेवला नाही. एकोणीस वर्षं मला वाटत होतं, मी टेकडीला पाणी देतोय. देतही होतो. पण अख्ख्या गावाला मी चोर समजत होतो, आणि गाव मला. पोरीनं लिहिलंय ते चुकीचं नाही. चावी एकट्याच्या कमरेला नसावी. मग तो माणूस माझ्यासारखा असला तरी.”



दाराजवळ सोनाबाई भिंतीचा आधार घेऊन उभी राहायला लागली. दोघींनी हात दिला. ती उठली, गुडघे सावरले आणि माझ्याकडे बोट केलं.

“आता हे आसंच लिव्ह,” ती म्हणाली.

मी तसंच लिहिलं.